तिसऱ्या महिन्यातला गुडघा

चढाईला गेलेला मुलगा बोनस रेषेजवळून मागे वळतो. बचावातल्या कुणी अजून त्याला बोटही लावलेलं नसतं. बूट मॅटला धरून राहतो, अंग मात्र दुसऱ्या बाजूला फिरतं आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. मुलगा खाली बसतो, दोन मिनिटांनी उठतो, लंगडत बाहेर येतो. कुणीतरी स्प्रे मारतं, कुणीतरी क्रेप बँडेज गुंडाळतं. पुढच्या सामन्याला उतरशील का, असंही कुणीतरी विचारतं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झालेला असतो.

कबड्डीच्या कुठल्याही मोसमात दिसणारं हे दृश्य. खो-खोत खांबाला वळसा घालताना, फुटबॉलमध्ये अचानक दिशा बदलताना, बॅडमिंटनमध्ये उडी मारून एका पायावर उतरतानाही हेच घडतं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरका बांधून ठेवणारा एक चिवट दोर असतो. हा दोर म्हणजे एसीएल नावाचं लिगामेंट. नडगीला पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला नको तेवढं पिळू न देणं हे त्याचं काम. समोरच्याचा धक्का न लागता, केवळ स्वतःच्या वळण्याने किंवा उडीवरून चुकीचं उतरल्याने तो तुटू शकतो. आत आवाज झाल्याची जाणीव, काही तासांत आलेली मोठी सूज आणि पुढे वळताना किंवा जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा वाटणं, ही तीन लक्षणं एकत्र असतील तर ‘नुसती लचक आहे’ असं कुणी म्हणालं तरी मानू नका. तपासणी होईपर्यंत लिगामेंट गेलं आहे असंच धरून चाला.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. दुखणं थांबण्याची तारीख आणि गुडघा बरा होण्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत आणि त्यांच्यात सहा-सहा महिन्यांचं अंतर असू शकतं. खेळाडू वाया जातात ते बहुतेक या मधल्या काळात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करू नये, ते आधी सांगतो. गरम तेलाने चोळू नका, गरम शेक घेऊ नका आणि ‘जागेवर बसवतो’ म्हणणाऱ्याला पाय ओढू देऊ नका. आत रक्त साकळलेलं असताना चोळलं की सूज वाढते आणि हाडाला तडा असेल तर ओढण्याने तो सरकतो. पाय उंच ठेवा, बँडेज सैलसर बांधा, बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. विश्रांती, बर्फ, बँडेज, उंची ही चौकडी डॉ. गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये प्रचारात आणली. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फाचा आणि पूर्ण विश्रांतीचा अतिरेक बरं होण्याची गती कमी करू शकतो. त्यामुळे बर्फ वेदना कमी करण्यापुरता वापरा. पायाची बोटं, घोटा आणि सोसेल तेवढी मांडी पहिल्या दिवसापासून हलती ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, पाऊल बधिर किंवा गार पडलं असेल किंवा गुडघा एका जागी अडकून सरळच होत नसेल, तर घरच्या उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून खेळत राहिलेली आणि नंतर गुडघ्यातली गादीही फाडून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. जाणकार अस्थितज्ज्ञ किंवा स्पोर्ट्स फिजिओ नडगी हाताने पुढे ओढून पाहतो आणि दोर शाबूत आहे की नाही ते बरंचसं त्यावरूनच ओळखतो. खात्रीसाठी आणि गादीची अवस्था कळण्यासाठी एमआरआय करतात.

मग प्रश्न येतो ऑपरेशनचा. स्वीडनमध्ये १२१ तरुण, धडधाकट रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं लगेच ऑपरेशन केलं, दुसऱ्याला आधी फक्त व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशनची मुभा ठेवली. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाने घाई करू नये. कबड्डी, खो-खो, फुटबॉलसारखा सतत वळणांचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, गुडघा वारंवार सटकत असेल किंवा गादीही फाटली असेल, तर बहुतेक डॉक्टर ऑपरेशनच सुचवतात आणि ते रास्त आहे. पण तेही दुसऱ्याच दिवशी उरकायचं काम नाही. अडकलेला गुडघा किंवा तशीच मोठी इजा सोडली, तर आधी काही आठवडे व्यायाम करून सूज उतरवावी, गुडघा पूर्ण सरळ व्हावा, मांडीत ताकद यावी आणि मग टेबलावर जावं. कडक, सुजलेला गुडघा घेऊन ऑपरेशनला गेलेल्याचा गुडघा नंतरही कडकच राहण्याची भीती असते.

ऑपरेशन झाल्यावर आपल्या घराघरांत एक चूक मायेपोटी होते. आई किंवा आजी गुडघ्याखाली मऊ उशी ठेवते. अर्धवट वाकलेल्या गुडघ्याला तिथे आराम वाटतो आणि तो तसाच वाकडा राहायला शिकतो. ती उशी काढून घ्या आणि टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने खाली, सरळ होत जाईल. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा वाकवण्यापेक्षा सरळ करणं जास्त महत्त्वाचं आहे. पूर्ण सरळ न होणारा गुडघा आयुष्यभर लंगडायला लावतो.

दुसरं काम मांडीचं. गुडघ्यात पाणी साचलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला काम करू देत नाही. रुग्ण म्हणतो, ‘मी दाबतोय, पण मांडी कडकच होत नाही.’ यात त्याचा आळस नसतो. शरीर दुखऱ्या सांध्याला जपण्यासाठी तसं करतं. म्हणून टॉवेलवर गुडघा खाली दाबून पाच सेकंद धरायचा, हा अगदी किरकोळ दिसणारा व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दहा-वीसदा करायचा असतो. त्यानंतर गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, टाच घसटत गुडघा वाकवणं, मग कुबड्यांवरून एका कुबडीवर येणं. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर मांडीचा घेर दर आठवड्याला टेपने मोजून वहीत लिहा. बारीक झालेली मांडी डोळ्यांना फसवते, टेप फसवत नाही. या काळात पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, धाप लागली किंवा ताप येऊन जखमेतून पाणी येऊ लागलं, तर फिजिओच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. डॉक्टरांना त्याच तासाला कळवा.

फिजिओथेरपीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे. ‘फिजिओकडे जाऊन मशीन लावून येतो’ असं लोक म्हणतात. विजेच्या मशीनने, शेकाने दुखणं थोडा वेळ कमी होतं. स्नायू मात्र त्याने वाढत नाही आणि लिगामेंटही जुळत नाही. ज्या दवाखान्यात वीस मिनिटं मशीनवर झोपवतात आणि व्यायामाचा कागद देत नाहीत, तिथे पैसे घालू नका. चांगला फिजिओ दोन्ही पायांची ताकद मोजतो, आज काय करायचं आणि पुढच्या आठवड्यात काय वाढवायचं ते सांगतो आणि काय दिसल्यावर थांबायचं तेही सांगतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला रोज शहरात जाणं जमत नाही आणि त्याची गरजही नसते. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा जाऊन पुढचा टप्पा शिकून यायचा आणि मधले दिवस घरी प्रामाणिकपणे करायचं, एवढं पुरतं. मुंबईत केईएम किंवा हाजीअलीची पुनर्वसन संस्था आणि इतर शहरांतली अनेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे हे काम अगदी थोड्या खर्चात होतं. रांग लागते, पण काम पक्कं होतं.

व्यायामात किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरा. तीनपर्यंतचं दुखणं चालतं, पाचच्या वर गेलं तर तो व्यायाम थांबवा. खरा कौल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. गुडघा कालच्यापेक्षा सुजलेला किंवा आखडलेला असेल तर कालचा डोस जास्त झाला. तो निम्म्यावर आणा, पण बंद करू नका.

आता तिसरा महिना. तुटलेल्या दोराच्या जागी सर्जन तुमच्याच शरीरातला दुसरा दोर बसवतो. तो मांडीच्या मागच्या बाजूचा असतो किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा. ज्या क्षणी तो बसवला जातो, त्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढच्या आठवड्यांत तो आधी कमजोर होतो, त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू तो खऱ्या लिगामेंटसारखा होत जातो. त्याची सगळ्यात कमजोर अवस्था साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान येते. नेमकं त्याच वेळी दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, चाल सरळ झालेली असते. मुलगा आरशासमोर उभा राहून म्हणतो, मी बरा झालो. बाहेर जत्रेची कबड्डी चालू असते, संघात एक रेडर कमी असतो आणि ‘एकच चढाई मार’ असा आग्रह होतो. नवा दोर तुटतो तो बऱ्याचदा अशाच चढाईत.

याविषयी आकडे स्पष्ट आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की पंचविशीच्या आत खेळात परतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के जणांचं एसीएल पुन्हा तुटलं, त्याच गुडघ्यातलं किंवा दुसऱ्यातलं. म्हणजे चारांत जवळपास एक. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस धावताना आपला बीडचा अविनाश साबळे पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षीच्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेवर त्याने पाणी सोडलं. क्रिकेटपटू ऋषभ पंत मोटार अपघातातल्या गुडघ्याच्या दुखापतीनंतर मैदानात परतला तो जवळपास पंधरा महिन्यांनी. ज्यांच्या दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ असतात, त्यांनाही एवढा वेळ द्यावा लागतो. मग जिल्हा संघातल्या मुलाला चार महिन्यांत उतरवण्याचा हक्क कुणालाच नाही.

योगाचं काम या सगळ्यात कुठे? मी योगाचा चाहता आहे, म्हणूनच त्याच्याकडून भलती अपेक्षा करू नका असं आधी सांगतो. आसनांनी तुटलेलं एसीएल जुळत नाही. चढाईच्या वेगात वळणाऱ्या गुडघ्याला लागणारी मांडीची ताकद फक्त आसनांतून येत नाही, त्यासाठी वजन उचलावं लागतं. उडीवरून उतरायचं कसं, हेही योग शिकवत नाही. पण शरीर कुठे झुकलंय, वजन कुठल्या पायावर जातंय, श्वास कुठे अडकलाय याची जी जाणीव दुखापत हिरावून घेते, ती परत देण्यात योगासारखं दुसरं साधन मला माहीत नाही.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे आणि भिंत यांचा आधार घेऊन आसनं शिकवण्याची पद्धत घडवली. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात त्यांना स्वतःलाच जबर मार बसला. साठी गाठलेल्या त्या माणसाला स्वतःचीच आसनं पुन्हा पायरीपायरीने मिळवावी लागली. जखमी शरीराने आसन कसं करावं, याचं उत्तर त्या आधारांत आहे. ते वापरताना खेळाडूंनी कमीपणा मानू नये.

पहिले सहा आठवडे शवासन, खुर्चीवर ताठ बसून दीर्घ श्वसन आणि भ्रामरी, एवढंच. श्वास सोडताना मांडी दाबायची, घेताना सैल सोडायची, असं फिजिओच्या व्यायामाशी जोडलं तर मांडी लवकर ऐकू लागते. रात्री झोप न लागणाऱ्याला श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या दुप्पट ठेवून दहा मिनिटं बसण्याचा फार उपयोग होतो. झोप नीट झाली नाही तर कुठलाच व्यायाम अंगी लागत नाही.

पूर्ण वजन टाकण्याची परवानगी मिळाली की ताडासन करा. शक्य असेल तर दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून, डोळे समोर ठेवून उभे राहा आणि कुणाला तरी आकडे वाचायला सांगा. ‘मी सरळ उभा आहे’ असं वाटत असताना दहा-बारा किलो भार चांगल्या पायावर गेलेला आढळतो. ते आकडे सारखे होईपर्यंत पुढचं आसन नको. मग भिंतीला पाठ टेकवून अर्धं उत्कटासन, नंतर सेतुबंधासन आणि भिंतीला हात लावून दुखऱ्या पायावर उभं राहण्याचं वृक्षासन. वृक्षासनात वरच्या पायाचा तळवा उभ्या गुडघ्यावर कधीही दाबू नका, तो पोटरीवर ठेवा. ऑपरेशन झालेला पाय वर घ्यायची वेळ आली तर तो घोट्याशीच ठेवा, कारण वर नेताना गुडघा पिळला जातो.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वीरभद्रासन. पुढचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, आत कोसळू द्यायचा नाही, हा त्यातला नियम. एसीएल तुटतं ते बहुतेक गुडघा असा आत कोसळतानाच. आरशासमोर, संथपणे, श्वास न अडवता रोज तो गुडघा रेषेत धरायला शिकलेला खेळाडू पुढे उडीवरून उतरतानाही तो रेषेत धरण्याच्या तयारीत असतो. त्रिकोणासनात मात्र जपा. गुडघा मागे ताणून कुलूप लावल्यासारखा करू नका, मांडी वर खेचलेली ठेवा आणि गुडघा किंचित सैल.

पद्मासन, वीरासन, वज्रासन, गोमुखासन आणि मलासन ही आसनं कित्येक महिने बंद. त्यात गुडघा पूर्ण मुडपतो, वर पिळलाही जातो. गादीला टाके घातले असतील तर साधं मांडी घालून बसणंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको आणि घरी भारतीय शौचालय असेल तर खुर्चीची सोय आधी करून ठेवा. दोर मांडीच्या मागून घेतला असेल तर पश्चिमोत्तानासन आणि पट्ट्याने पाय ओढणं पहिले दोन-तीन महिने टाळा. तिथेही एक जखम भरत असते. सूर्यनमस्कारात मागे उडी न मारता एकेक पाय टाका. योगशिक्षकाला पहिल्याच दिवशी ऑपरेशनची चिठ्ठी दाखवा आणि फिजिओला योगवर्गाबद्दल सांगा. दोघांची एकमेकांशी फोनवर ओळख करून दिलीत तर आणखी उत्तम.

मुलींविषयी वेगळं लिहायला हवं. वळणाच्या आणि उड्यांच्या खेळांत मुलींचं एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा किमान दुप्पट असतं. त्यातच दुखापत झाल्यावर मुलाला फिजिओकडे नेतात आणि मुलीला ‘आता खेळ पुरे’ म्हणतात. पालकांनो, उपचार अर्धवट सोडलेला गुडघा संसारातही साथ देत नाही. ती पुन्हा खेळो वा न खेळो, तिच्या व्यायामाचे नऊ महिने तिला मिळालेच पाहिजेत आणि त्या काळात पाण्याची कळशी, खाली बसून भांडी घासणं, फरशी पुसणं ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावीत.

परतण्याची वेळ नुसत्या कॅलेंडरवरून ठरत नाही. नऊ महिने ही कमीत कमी मुदत आणि ती भरल्यावर परीक्षा. गुडघा चांगल्या गुडघ्याइतका सरळ होतो आणि वाकतो का? कडक सरावानंतर दुसऱ्या दिवशी सूज येत नाही ना? मांडीची ताकद दुसऱ्या मांडीच्या निदान ९० टक्के आहे का? एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरा. चांगल्या पायाने १५० सेंटिमीटर जात असाल तर दुखऱ्या पायाने १३५ तरी गेलं पाहिजे. समोरून मोबाइलवर चित्रण करा आणि उतरताना गुडघा आत जातो का ते थांबवून पाहा. एवढं जमल्यावरही आधी एकट्याने वळणांचा सराव, मग संघासोबत पण पकडीविना, मग पकडीसह, मग सामन्यातली पाच मिनिटं. मनात भीती असेल तर ती प्रशिक्षकाला सांगा. घाबरून अर्धवट वळणारा पायच जास्त धोक्यात असतो.

घोट्याबाबतही हेच. मुरगळलेला पाय आठ दिवसांत दुखायचा थांबतो, म्हणून त्याला कुणी दुखापत मानत नाही आणि मग तोच पाय दर मोसमात मुरगळतो. एका पायावर उभं राहून दात घासा, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून, हात बेसिनच्या काठाजवळ ठेवून. एका पायावर टाच उचलण्याचे वीस-पंचवीस फेरे दुसऱ्या पायाइतके सहज जमेपर्यंत मैदानात उतरू नका.

प्रशिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. संघाच्या वहीत प्रत्येक जखमी खेळाडूच्या नावापुढे ऑपरेशनची तारीख लिहा आणि त्यापुढे नऊ महिने मोजून दुसरी तारीख लिहा. त्या तारखेच्या आत कुणी ‘एकच चढाई’ मागितली तर वही उघडून दाखवा.